म्हातारपणाची काठी सरकारने दिली म्हणून मुले कमी झाली का? बिस्मार्कचा विमा आणि जर्मनीतील जन्मदर

पिंपळपान

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. लोकसंख्येचे प्रकरण आले की एक विधान मी गेली अनेक वर्षे सवयीने करत आलो आहे. मुलगा ही म्हातारपणाची काठी असते आणि सरकारने वृद्धांच्या उदरनिर्वाहाची सोय केली की त्या काठीची गरज उरत नाही, म्हणून लोक कमी मुले होऊ देतात, असे ते विधान. यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे पहिल्यांदा कोणत्या देशात घडले, आणि तिथे ते याच कारणाने घडले हे कशावरून ठरवले?" त्या दिवशी मी तिच्याकडून मुदत मागून घेतली आणि तेव्हापासून वाचतो आहे.

साहजिकच मी जर्मनीपासून सुरुवात केली, कारण सक्तीचा राष्ट्रव्यापी सामाजिक विमा प्रथम तेथे आला. १८८१ च्या नोव्हेंबरमध्ये सम्राट पहिला विल्हेल्म याच्या संदेशाद्वारे जर्मन साम्राज्याचा चान्सलर (पंतप्रधान) बिस्मार्कने या योजनेची घोषणा केली. १८८३ मध्ये आजारपणाच्या विम्याचा, १८८४ मध्ये अपघात विम्याचा आणि १८८९ मध्ये वार्धक्य व अपंगत्व विम्याचा कायदा झाला. हा शेवटचा कायदा संसदेत १८५ विरुद्ध १६५ अशा काठावरच्या बहुमताने संमत झाला आणि १ जानेवारी १८९१ पासून लागू झाला. जन्मदराकडे पाहिले तर १८७० च्या दशकात जर्मनीत दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला ३९ ते ४० जन्म होत असत, १९१३ मध्ये हा आकडा २७ ते २८ पर्यंत उतरला होता. वरवर पाहता गोष्ट जुळते.

तथापि मला तीन ठिकाणी अडखळायला होते. पहिली अडचण अशी की म्हातारपणाचे वेतन (निवृत्तिवेतन) सत्तराव्या वर्षी मिळणार होते आणि तेही तुटपुंजे. पंचविशीतला मजूर आपल्या घरात किती मुले असावीत हे त्यावरून ठरवील, हे पटत नाही. दुसरी अडचण फ्रान्सची आहे, कारण तेथे असा कोणताही विमा नसताना जन्मदर शंभर वर्षे आधीच उतरू लागला होता. तिसरी अडचण अशी की त्याच काळात शाळा, कारखाने, शहरे, अर्भकमृत्यू असे सगळेच बदलत होते, मग त्यांतून विम्याचा परिणाम वेगळा कसा काढायचा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शिलालेख

पिंपळपान, आपल्या पहिल्या अडचणीचे उत्तर देण्याआधी हा विमा त्या काळच्या मजुराला प्रत्यक्ष कसा दिसत होता हे मांडतो, कारण बहुतेक चर्चांमध्ये ही बाजू गाळली जाते आणि मग सिद्धान्त हवेत राहतो.

सोळा वर्षांवरील प्रत्येक मजुरी करणाऱ्या व्यक्तीला हा विमा सक्तीचा होता. कारखान्यातील कामगारांबरोबर शेतमजूर आणि घरगड्यांचाही त्यात समावेश होता, आणि ही त्या काळाच्या मानाने फार मोठी गोष्ट होती. सुमारे पाच कोटींच्या देशात एक कोटीहून अधिक माणसे पहिल्याच वर्षी विम्याखाली आली. प्रत्येकाजवळ एक कार्ड असे आणि त्यावर दर आठवड्याला एक तिकीट चिकटवले जाई. वार्षिक मजुरीनुसार चार वर्ग पाडलेले होते, आणि सुरुवातीला त्या वर्गांसाठी तिकिटांची किंमत अनुक्रमे १४, २०, २४ आणि ३० फेनिग (शंभर फेनिग म्हणजे एक मार्क) होती. त्यातील अर्धी रक्कम मालक भरे व अर्धी मजुराच्या पगारातून कापली जाई. म्हातारपणाचे वेतन मिळण्यासाठी वर्षाला ४७ आठवडे या हिशेबाने तीस वर्षांची, म्हणजे १,४१० आठवड्यांची वर्गणी भरलेली असणे आवश्यक होते. ही अट पूर्ण केलेल्याला सत्तरीनंतर वर्षाला खालच्या वर्गात १०६ मार्क ४० फेनिग आणि वरच्या वर्गात १९१ मार्क मिळत. त्यातील ५० मार्क साम्राज्याच्या तिजोरीतून येत. मजुरीच्या मानाने पाहिले तर तिसऱ्या वर्गातील, म्हणजे ५५० ते ८५० मार्क कमावणाऱ्या माणसाला सुमारे १६३ मार्क मिळणार होते, म्हणजे साधारण पाचव्या हिश्शापासून जवळपास तिसऱ्या हिश्शापर्यंत. एवढ्यावर वेगळी चूल मांडून राहणे कठीण होते. मुलाच्या किंवा मुलीच्या घरी राहणारा म्हातारा मात्र या पैशांमुळे घरात चार पैसे आणणारा माणूस ठरत होता.

त्या काळी विशीतल्या बहुसंख्य माणसांच्या वाट्याला सत्तरी येतच नव्हती. म्हणून म्हातारपणाच्या वेतनावर नजर खिळवून ठेवली तर आपली शंका अगदी रास्त ठरते. परंतु कायद्याच्या नावातच दुसरा शब्द आहे, तो म्हणजे अपंगत्व. काम करण्याची शक्ती गेलेल्या माणसाला वयाची अट नव्हती आणि पाच वर्षांच्या वर्गणीनंतर वेतन सुरू होऊ शकत होते. सुरुवातीला संक्रमणकालीन सवलतींमुळे म्हातारपणाची वेतने जास्त दिली गेली, पण शतक संपेपर्यंत अपंगत्व-वेतन घेणाऱ्यांची संख्या त्यांच्या कितीतरी पुढे गेली. चाळिशी-पन्नाशीत पाठ मोडलेला ओतारी किंवा क्षयाने खोकणारा विणकर हा त्या वस्त्यांमध्ये रोजचा देखावा होता. पंचविशीतल्या माणसाला सत्तरी दूर वाटत असली तरी शेजारच्या घरातील हा माणूस त्याला रोज दिसत होता. "माझे हातपाय गेले तर काय" या भीतीवरचा तोडगा म्हणून मुलांकडे पाहिले जात असेल, तर ती भीती कमी करणारा कायदा तरुण वयातच मनावर परिणाम करू शकतो. माझ्या मते बिस्मार्कच्या विम्याचा जन्मदराशी काही संबंध असेल तर तो प्रामुख्याने या वाटेने आहे.

दुसरी वाट अधिक साधी आहे. दर आठवड्याला पगारातून कापले जाणारे पैसे म्हणजे आजच्या ताटातून गेलेले पैसे होत. हाती उरणारे उत्पन्न घटले की आणखी एका मुलाचा खर्च अधिक जाणवतो. रॉबर्ट फेंगे आणि बिआट्रिस शॉइबेल या अर्थतज्ज्ञांनी जर्मन साम्राज्यातील प्रदेशवार आकडेवारी घेऊन नेमक्या या दोन वाटा तपासल्या आहेत. हातातील उत्पन्नात होणारी घट आणि भरलेल्या वर्गणीच्या बदल्यात पुढे मिळणारा परतावा, या दोन्हींचा जन्मदराशी संबंध असल्याचे त्यांना आढळले. घटीची इतर प्रसिद्ध कारणे हिशेबात धरूनही निवृत्तिवेतन विम्याचा वाटा शिल्लक राहतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो घटीतील अनेक कारणांपैकी एक वाटा आहे, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

आकडेमोड

शिलालेख यांनी कायद्याचे वर्णन फार चांगले केले आहे. मी वेळापत्रकाच्या बाजूने काही आक्षेप नोंदवतो, कारण या विषयात सर्वांत जास्त घसरगुंडी तारखा जुळवताना होते.

पिंपळपान यांनी दिलेले दोन टोकांचे आकडे बरोबर आहेत, पण मधली वाट पाहिली तर गोष्ट बदलते. जर्मनीचा ढोबळ जन्मदर १८९० च्या सुमारास दर हजारी ३६ च्या आसपास होता आणि १९०० मध्येही तो जवळपास तेवढाच होता. विमा लागू झाल्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत या आकड्यात फारसा फरक दिसत नाही. मोठी घसरण १९०० नंतर झाली आणि १९१० पर्यंत दर तीसच्या खाली गेला. आता ढोबळ जन्मदर हा फसवा आकडा असतो. नव्वदच्या दशकात जर्मन उद्योग भरभराटीला आले, तरुणांची संख्या व लग्ने वाढली, आणि त्यामुळे प्रत्येक विवाहित स्त्रीमागे मुले कमी होऊ लागली तरी एकूण जन्म तेवढेच दिसत राहिले. म्हणून लोकसंख्याशास्त्रज्ञ विवाहित स्त्रियांचा जननदर, म्हणजे विवाहित स्त्रियांच्या संख्येच्या मानाने होणारे जन्म, पाहतात. अ‍ॅन्स्ले कोल यांच्या नेतृत्वाखाली प्रिन्स्टन विद्यापीठात झालेल्या युरोपीय जननदराच्या प्रकल्पात प्रत्येक देशात हा दर दहा टक्क्यांनी उतरून पुन्हा कधीच वर न आल्याचे वर्ष काढले गेले. फ्रान्ससाठी ते १८०० च्या सुमाराचे आहे, बेल्जियमसाठी १८८२, स्वित्झर्लंडसाठी १८८५, जर्मनीसाठी १८९०, इंग्लंड व वेल्स आणि स्वीडनसाठी १८९२, नेदरलँड्ससाठी १८९७, इटलीसाठी १९११.

ही यादी दोनदा वाचावी अशी माझी विनंती आहे. जर्मनीत विमा १८९१ मध्ये लागू झाला आणि तेथे १८९० पर्यंतच दहा टक्के घट होऊन गेली होती. इंग्लंडमध्ये वृद्धांना निवृत्तिवेतन १९०९ मध्ये सुरू झाले आणि तेथील घट त्याच्या पंचवीस-तीस वर्षे आधीपासून चालू होती. फ्रान्समध्ये कामगार व शेतकऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा १९१० चा आहे, तोवर तेथील जन्मदर दर हजारी वीसपर्यंत खाली आला होता. विमा असलेले आणि नसलेले देश साधारण एकाच पिढीत त्याच वाटेला लागले. तेव्हा घटीची सुरुवात विम्यामुळे झाली, असे म्हणण्यास जागा उरत नाही. घट सुरू झाल्यावर तिचा वेग विम्याने वाढवला का, हा प्रश्न मी खुला मानतो, आणि शिलालेख यांनी उल्लेखिलेले संशोधन त्याच प्रश्नाचे उत्तर देते.

एक मोठी गुंतागुंत १८९१ या वर्षातच दडलेली आहे. त्या वर्षी जर्मनीत कामगार संरक्षणाचा कायदाही झाला आणि शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलांना कारखान्यात कामाला लावण्यास बंदी आली. मुलाची शाळेच्या वयात कारखान्यातून होणारी कमाई एका बाजूने बंद झाली आणि त्याच वर्षी म्हातारपणाची तरतूद दुसऱ्या बाजूने सुरू झाली. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेचा आहे. केवळ वर्षांची तुलना करून हे दोन धागे कधीच सुटणार नाहीत, ते सोडवायचे तर प्रदेश आणि व्यवसाय यांच्यातील फरकाकडे पाहावे लागते.

तसे पाहिले असता जर्मन साम्राज्यातील सर्वांत मोठे राज्य असलेल्या प्रशियाबद्दल पॅट्रिक गॅलोवे, यूजीन हॅमेल आणि रोनाल्ड ली यांनी जिल्हावार आकडेवारीवर केलेले काम फार उद्बोधक आहे. स्त्रियांना शेती व घरकाम सोडून नव्या प्रकारच्या नोकऱ्या मिळणे, बँका व विमा संस्थांचा विस्तार, दळणवळणाची वाढ, आणि कॅथलिक लोकसंख्येचे प्रमाण, या गोष्टी घटीशी घट्ट बांधलेल्या दिसल्या. यातील बँका आणि विमा संस्थांचा मुद्दा आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. बचत ठेवण्यासाठी विश्वासाची जागा मिळाली की म्हातारपणाची तरतूद मुलांच्या बाहेर करता येते, मग ती जागा सरकारी असो वा खाजगी.

आता खाणकामगारांचा विचार करा, कारण माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड उदाहरण त्यांचे आहे. प्रशियातील खाणकामगारांना १८५४ च्या कायद्याने सक्तीचा निधी होता. त्यातून आजारपण, अपंगत्व, विधवा आणि अनाथ मुले यांना पैसे मिळत, म्हणजे इतर कामगारांना १८९१ मध्ये मिळाले त्याहून अधिक संरक्षण त्यांना कित्येक दशके आधी होते. सरळ सिद्धान्ताप्रमाणे त्यांच्या घरांत मुले सर्वांत आधी कमी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात पश्चिम जर्मनीतील रूर या कोळशाच्या खोऱ्यातील खाणकामगारांची कुटुंबे मोठी म्हणूनच ओळखली जात. इंग्लंडमध्ये १९११ च्या जनगणनेत विवाह आणि अपत्ये यांची मुद्दाम चौकशी केली गेली, तीतही खाणकामगारांचा जननदर सर्वांत वरच्या गटात आणि कापड गिरण्यांतील कामगारांचा बराच खाली आढळला. खाणीच्या गावात बाईला मजुरी नव्हती, मुलग्याला लवकर चांगली मजुरी होती आणि लग्ने लवकर होत, तर गिरणीच्या गावात बाई स्वतः कमावत होती. या फरकापुढे निवृत्तिवेतनाचा परिणाम फिका पडतो.

उंबरठा

वरील दोन्ही प्रतिसाद मी अत्यंत आदराने वाचले. तरीही "मजूर हिशेब करील", "मजूर ठरवील" अशा वाक्यांमध्ये मजूर हा पुरुष आहे आणि मूल मात्र बाईला होते, ही बाब सुटून गेल्यासारखी वाटते. आकडेमोड यांनी खाणकामगारांच्या उदाहरणात तिला स्पर्श केला आहे. ती पुढे नेते.

१८८९ च्या कायद्यात विधवेला वेतन नव्हते. नवरा वेतन सुरू होण्याआधीच मरण पावला तर त्याने भरलेल्या वर्गणीचा त्याचा स्वतःचा हिस्सा तिला परत मिळण्याची तरतूद होती, एवढेच. विधवा आणि अनाथ यांच्यासाठी तरतूद झाली ती १९११ च्या विमा संहितेत, आणि तीही काम करण्यास असमर्थ असलेल्या विधवेपुरती मर्यादित होती. याहून बोलकी तरतूद लग्नाची आहे. कारखान्यात किंवा घरकामात असलेल्या मुलीने किमान पाच वर्षे वर्गणी भरून नंतर लग्न केले तर तिला तिच्या वर्गणीचा हिस्सा परत मागता येत असे. पुष्कळ मुलींनी तो घेतला आणि संसाराच्या साहित्यासाठी वापरला. पैसे परत घेतले की हक्क संपला. म्हणजे मुले होण्याचे वय सुरू होते नेमक्या त्याच क्षणी ती स्त्री विम्याच्या बाहेर पडत होती. तिचे म्हातारपण नवऱ्याच्या आयुष्यावर आणि त्यानंतर मुलांवर अवलंबून राहिले. बायका सामान्यतः नवऱ्यापेक्षा लहान असत आणि अधिक जगत, म्हणून काठीची गरज तिलाच अधिक काळ होती, आणि १८८९ च्या कायद्याने ती भागवलीच नाही. हा विमा जन्मदराच्या बाबतीत दुबळा ठरला असेल तर त्याचे एक कारण मला येथे दिसते.

दुसऱ्या बाजूला १८८३ चा आजारपणाचा विमा आहे. त्याची चर्चा या संदर्भात कमी होते. त्याच्यामुळे कामगारवस्तीत डॉक्टर पोहोचला, आणि विमाधारक स्त्रीला बाळंतपणानंतर तीन आठवडे पैसे मिळू लागले. पुढे १९०३ पर्यंत हा काळ सहा आठवड्यांचा झाला. स्टेफान बाउएर्नशुस्टर, अनास्तासिया द्रिवा आणि एरिक होर्नुंग यांच्या संशोधनानुसार या विम्यामुळे कामगारवर्गातील मृत्युदर लक्षणीय घटला. त्या काळी जर्मनीत जन्मलेल्या दर पाच मुलांपैकी साधारण एक मूल वर्षाच्या आत दगावत असे. दोन मुले हाताशी राहावीत म्हणून चार-पाच बाळंतपणे सोसणाऱ्या आईच्या दृष्टीने, जन्मलेले मूल जगेल अशी खात्री वाटू लागणे हे सत्तरीनंतरच्या १६३ मार्कांपेक्षा कितीतरी मोठे आश्वासन होते.

त्या बायकांना स्वतःला काय वाटत होते याचा एक पुरावा १९१३ सालचा आहे. बर्लिनमध्ये आल्फ्रेड बर्नस्टाइन आणि युलिउस मोझेस या दोन डॉक्टरांनी कामगार स्त्रियांनी "जन्मसंप" करावा असा विचार मांडला. समाजवादी पक्षाने त्याविरुद्ध सभा भरवल्या आणि क्लारा झेटकिन व रोझा लुक्सेम्बुर्ग यांनी त्या कल्पनेवर टीका केली, तरीही सभांना आलेल्या स्त्रियांची सहानुभूती डॉक्टरांकडे होती. त्या वादात थकलेली शरीरे, अपुरी मजुरी, एका खोलीतले संसार आणि सैन्यासाठी व कारखान्यांसाठी मुले पुरवण्यास नकार, हे विषय होते.

आपल्याकडचा एक दुवा येथे खरोखर लागू पडतो म्हणून लिहिते. मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये प्रसूती लाभाचा कायदा झाला. विधेयकावरील १९२८ च्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना हा भार बऱ्याच अंशी शासनाने उचलावा, असे मत मांडले होते. प्रत्यक्षात कायद्याने भार थेट मालकावर टाकला. जर्मनीत हे पैसे सर्वांच्या वर्गणीच्या निधीतून येत, त्यामुळे एखाद्या मालकाला बाई कामावर ठेवल्याचा वेगळा भुर्दंड पडत नव्हता. आपल्याकडे विम्याच्या तत्त्वावरची व्यवस्था १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आली. त्याच मुंबईत १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव विधानसभेत मांडला होता. कामगार स्त्रीच्या बाळंतपणाला आधार आणि बाळंतपणे मर्यादित ठेवण्याचे साधन, या दोन्ही मागण्या एकाच राजकारणातून आल्या, हे मला महत्त्वाचे वाटते.

कोरडवाहू

मी शेतीच्या क्षेत्रात काम केले आहे, त्यामुळे जर्मनीबद्दल अधिकाराने बोलू शकत नाही. शिलालेख यांनी मांडलेला "हातपाय गेले तर काय" हा मुद्दा मात्र आपल्या दुष्काळी भागात ओळखीचा आहे, आणि त्यावर एक जुना अभ्यास आहे.

मीड केन या संशोधकाने १९८० च्या सुमारास बांगलादेशातील एका गावाची तुलना महाराष्ट्र व आंध्र प्रदेशातील कोरडवाहू गावांशी केली होती. संकट आले की कुटुंब जमीन विकते का, हा त्यांचा कळीचा प्रश्न होता. बांगलादेशातील गावात पूर, आजारपण किंवा कर्त्या माणसाचा मृत्यू यांमुळे जमिनी मोठ्या प्रमाणात विकल्या जात होत्या आणि ज्या घरात कर्ता मुलगा लवकर हाताशी येत नसे ते घर सर्वांत आधी बुडत होते. आपल्याकडील गावांत दुष्काळ तितकाच कठोर असूनही जमीन त्या मानाने टिकून राहत होती, कारण दुष्काळी कामे आणि कर्जाच्या सोयी उपलब्ध होत्या. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास सुरू झालेल्या आणि १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळालेल्या रोजगार हमीचे महत्त्व या चौकटीत समजते. खडी फोडण्याचे काम मागितले की मिळते, ही खात्रीसुद्धा एक प्रकारचा विमाच आहे, जरी तिच्यावर तिकिटे चिकटवलेले कार्ड नसले तरी. केन यांच्या मते असा विमा जेथे आहे तेथे अनेक मुलगे असण्याची निकड कमी होते.

त्याचबरोबर पिंपळपान यांनी वर्गात एवढे जरूर सांगावे की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर (एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी होणारी मुले) १.७ आला, आणि आपल्या शेतमजुरांपैकी फार थोड्यांना पोट भरेल असे निवृत्तिवेतन मिळते. केंद्राच्या वार्धक्य योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे. येथे काठी दुसरीकडून मिळण्याआधीच मुले कमी झाली.

पिंपळपान

सर्वांचा मनापासून आभारी आहे. उंबरठा यांनी सांगितलेली लग्नाच्या वेळी वर्गणी परत घेण्याची तरतूद मला अजिबात ठाऊक नव्हती, आणि ती कळल्यावर माझे विधान किती ढोबळ होते हे लक्षात आले. आणखी एक प्रश्न विचारतो. मी याच प्रकरणात लोकसंख्येवर लिहिणारा इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थस हाही शिकवतो, आणि १७९८ मध्ये त्याचे म्हणणे नेमके उलट होते, की गरिबांना मदत दिली की ते अधिक मुले जन्माला घालतात. एकाच पुस्तकात दोन उलट विधाने शिकवणे योग्य आहे का?

शिलालेख

दोन्ही विधाने शिकवावीत, पण प्रत्येक वेळी पैसा कशाच्या नावाने दिला जातो हे सोबत सांगावे.

माल्थसच्या डोळ्यांसमोर इंग्लंडचा गरीब कायदा होता. १७९५ नंतर दक्षिण इंग्लंडमधील अनेक ग्रामीण भागांत पावाची किंमत आणि घरातील मुलांची संख्या पाहून मजुराला भत्ता दिला जात असे. मूल वाढले की भत्ता वाढे. येथे मदत आजच्या मुलाला जोडलेली आहे. या भत्त्यांमुळे जन्मदर खरोखर वाढला का, यावर बराच वाद झाला. जेम्स ह्युझेल यांना तसा पुरावा दिसला नाही, तर जॉर्ज बॉयर यांनी नंतर केलेल्या विश्लेषणात मुलांच्या भत्त्यांचा जन्मदरावर वाढीचा परिणाम आढळला. बिस्मार्कच्या विम्यात मात्र मुलांच्या संख्येचा संबंधच नव्हता. दहा मुले असलेल्याला आणि एकही नसलेल्याला वेतन सारखेच होते, आणि ते स्वतःच्या मजुरीच्या आठवड्यांवर ठरत होते. त्यामुळे दोन्ही योजनांना "मदत" हा एकच शब्द लावला की गोंधळ होतो.

इंग्लंडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदवतो, कारण ती काठीच्या संपूर्ण कल्पनेला छेद देते. तेथे म्हाताऱ्या आईवडिलांनी विवाहित मुलाच्या घरी राहण्याची प्रथा सार्वत्रिक नव्हती. लग्न झाले की मुलगा वेगळी चूल मांडी, आणि निराधार वृद्धांना गरीब कायद्याखाली गावच्या निधीतून साप्ताहिक मदत मिळण्याची परंपरा सतराव्या शतकापासून होती. जेथे मुले मुळातच पूर्ण आधार देत नव्हती तेथे १९०९ पासून आठवड्याला मिळू लागलेल्या पाच शिलिंगांच्या निवृत्तिवेतनाने मुलांची जागा घेतली असे म्हणता येत नाही. जॉन कॉल्डवेल यांनी जननदराचा सिद्धान्त मांडताना संपत्ती मुलांकडून आईवडिलांकडे वाहते की आईवडिलांकडून मुलांकडे, हा प्रश्न मध्यभागी ठेवला होता. उत्तर-पश्चिम युरोपात शाळा आणि बालमजुरीबंदी यांनी तो ओघ आधीच मुलांकडे वळवला होता. ज्या समाजात तो अजून आईवडिलांकडे वाहत असतो, तेथे निवृत्तिवेतनाचा परिणाम अधिक दिसावा. स्वातंत्र्यानंतर नामिबियात वर्णभेदाच्या काळातील विषमता दूर करून सर्वांना समान वार्धक्यवेतन दिले गेले, तेव्हा जननदर घटल्याचे आणि ही घट विशेषतः प्रजननवयाच्या उत्तरार्धातील स्त्रियांमध्ये असल्याचे संशोधनात आढळले आहे. म्हणजे आणखी एका मुलासाठी जोखीम न घेण्याचा निर्णय त्या बायकांनी घेतला.

उलट अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा १९३५ चा, मासिक वेतने १९४० पासूनची, आणि त्यानंतरच्या पिढीत एकूण जननदर २.२ च्या आसपासून १९५७ मध्ये ३.७ पर्यंत चढला. लग्नाचे वय, मजुरी आणि घरे यांचा जोर त्या वेळी निवृत्तिवेतनापेक्षा फार मोठा होता.

आपल्या विद्यार्थिनीसाठी एक गणित सुचवतो. दुसऱ्या वर्गातील मजूर घ्या. आठवड्याला २० फेनिगचे तिकीट, त्यातले १० फेनिग त्याचे. १,४१० आठवड्यांत त्याच्या पगारातून १४१ मार्क कापले जातात आणि सत्तरीनंतर त्याला वर्षाला १३४ मार्क ६० फेनिग मिळतात. मग तिला विचारावे की हा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी वारला तर त्याच्या बायकोला १८९५ मध्ये काय मिळाले असते आणि १९१५ मध्ये काय, आणि दोन्ही उत्तरे मिळाल्यावर त्या बाईला किती मुलगे हवेसे वाटले असते.

पिंपळपान

पुढच्या मंगळवारी हेच गणित फळ्यावर लिहितो. सुरुवात मात्र बायकोच्या बाजूने करीन आणि नवऱ्याचे १३४ मार्क नंतर काढीन.